लाल झाकण, हिरवं झाकण

बसमध्ये लटकून ऐकणाऱ्यांना, भांडी घासता घासता ऐकणाऱ्यांना आणि झोप येत नाही म्हणून काहीतरी लावून ठेवणाऱ्यांनाही नमस्कार. आज पाहुणा नाही, मी एकटाच आहे. समोर कागद लिहून घेतलाय, त्यामुळे मध्येच पुस्तकी बोललो तर सांभाळून घ्या.

मी २८ वर्षांचा आहे, बीटेक झालोय, दिवसभर एका कंपनीत बॅकएंडचा कोड लिहितो. आणि एक आड एक रविवारी आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये फरशीवर पालथा पडून मातीच्या मावळ्यांशी खेळतो. एकटा नाही, आम्ही पाच जण आहोत. सगळे कमावते, दोघांची लग्नं झालेली.

हसा, हरकत नाही. पण ह्याला जगभर मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. छोट्या बाहुल्यांचं सैन्य मांडायचं, अंतर मोजून ते हलवायचं आणि चकमकीचा निकाल फाशांवर लावायचा. बुद्धिबळासारखी घरं नसतात. डोंगर, ओढा, झाडी असं सगळं समोर मांडलेलं असतं. एच. जी. वेल्स, म्हणजे तेच 'टाइम मशीन'वाले, त्यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं ह्या खेळाच्या नियमांचं पुस्तक काढलं होतं. त्यांच्या खेळात तोफेचा मारा फाशांवर नव्हता. खेळण्यातली स्प्रिंगची तोफ खरोखर लाकडाचा तुकडा उडवायची, आणि जो सैनिक आडवा झाला तो मेला. संपला विषय, वादच नाही. आमच्याकडे हे करता येत नाही, कारण आमचे मावळे मातीचे. आडवा झाला की मुंडकंच हातात येतं.

मावळे कुठले, तर दिवाळीतले. कसब्यातल्या कुंभारवाड्यात दिवाळीआधी जे मिळतात ना, तेच. किल्ला करणाऱ्या प्रत्येक घरात ते असतात आणि तुळशीच्या लग्नानंतर बुटाच्या खोक्यात जातात. बाहेरच्या देशातल्या तयार बाहुल्या सुंदर असतात, पण मागवायला गेलं की पगाराची स्लिप आठवते. आमच्या सैन्यात त्यामुळे प्रमाणबद्धता वगैरे काही नाही. एक मावळा तोफेपेक्षा उंच आहे, आणि वाघ बुरुजाच्या वर डोकं काढून बघतो. वाघ आम्ही खेळात घेत नाही, पण तो कोपऱ्यात बसलेला असतो. त्याच्याशिवाय बरं वाटत नाही.

लढाई आम्ही एकच खेळतो, घोडखिंडीची. जुलै १६६०. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, महाराज रात्री भर पावसात विशाळगडाकडे निघालेले, मागे सिद्दी मसूदची फौज, आणि खिंड अडवून बाजीप्रभू. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पण नियम लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हा खेळ म्हणून फार अवघड प्रसंग आहे. खिंडीतल्या माणसांना जिंकायचं नाहीये, त्यांना उशीर करायचाय. म्हणजे ज्याची सगळी माणसं पडली तोच जिंकलेला असू शकतो. माझ्या आजीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाजीप्रभूंना फाशावर लावताय होय रे?" मी म्हटलं, आजी, तोफ ऐकू येईपर्यंत ते पडतच नाहीत, तसा नियमच आहे. मग ती जरा शांत झाली. हा नियम आजवर कोणीही बदलायला सुचवलेला नाही.

बाकीचे मात्र बदलत गेले. आता १४वं व्हर्जन चालू आहे.

पहिलं व्हर्जन एका पानाचं होतं. नवव्याला २३ पानं झाली. हे कसं होतं ते सांगतो, कारण तुमच्यातले कोडवाले लगेच ओळखतील. खेळात एक भांडण होतं. भांडण मिटवायला एक नियम लिहितो. त्या नियमातून दोन पळवाटा निघतात. त्या बुजवायला अजून तीन. उताराला वेगळा वेग, चिखलाला वेगळा, चिखलातल्या उताराला तिसराच. प्रत्येक नियम सुटा वाचला तर बरोबर होता. एकत्र मात्र कोणाच्याच डोक्यात मावत नव्हता.

मारामारीचं उदाहरण घ्या. हल्ला करणारा फासा टाकायचा, ४ किंवा जास्त आले तर वार लागला. मग समोरचा ढालीचा फासा टाकायचा, ५ किंवा ६ आला तर वार अडला. मग पहिला पुन्हा टाकायचा, ३ किंवा जास्त आले तर माणूस पडला. ऐकायला भारी वाटतं, ढाल-तलवार दिसते डोळ्यासमोर. पण गणित करा. अर्धा गुणिले दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे नवातले दोन, साधारण २२ टक्के. आणि एकच फासा टाकून 'सहा आला तर पडला' असं ठेवलं तर १७ टक्के. पाच टक्क्यांच्या फरकासाठी आम्ही तिप्पट फासे टाकत होतो! पाच जणांच्या तुकडीला एक फासा जास्तीचा दिला, फरक जवळपास भरून निघाला. आधी एका हल्ल्यात सरासरी १.११ माणसं पडायची, आता एक पडतो. मी हे लिहून दाखवलं तेव्हा ग्रुपमधला एक जण म्हणाला, "म्हणजे वर्षभर आपण उगाच फासे घासले?" हो. उगाच.

ह्या बाबतीत आम्ही पहिले नाही, एवढाच दिलासा. प्रशियाच्या लष्करात रायस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली युद्धखेळाचे नियम छापले, क्रीगश्पील म्हणतात त्याला. नकाशा, ठोकळे, फासे, किती अंतरावरून किती नुकसान त्याची कोष्टकं. पुढे नियम इतके जड झाले की १८७६ साली फेर्दी द्यु व्हेर्नुआ ह्या सेनाधिकाऱ्याने सरळ सांगितलं, कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. आमच्याकडे अनुभवी पंच नाही. माझा रूममेट आहे, पण तो मॅच बघत असतो.

एक नियम मात्र मला फार आवडतो, त्यावर जरा थांबतो. सुरुवातीला खेळ बरोबर आठ फेऱ्यांचा होता. आठ फेऱ्या खिंड टिकली की विशाळगडावर तोफ वाजली, खिंडवाला जिंकला. झालं काय, आठवी फेरी आली की हल्ला करणारा वेड्यासारखं सगळं सैन्य झोकून द्यायचा. कारण पुढचा विचार करायचंच कारण नाही, शेवटचा बॉल आहे. आणि खिंडवालाही निवांत, घड्याळ बघत बसलेला. आता विचार करा, खिंडीतल्या माणसांना माहीत होतं का तोफ कधी वाजणार? नव्हतं ना! तेच तर सगळं आहे त्यात. मग आम्ही असं केलं. सहाव्या फेरीच्या शेवटी एक फासा टाकायचा, ६ आला तर तोफ वाजली. नाही वाजली तर सातव्याला ५ किंवा ६ चालेल, आठव्याला ४ पासून पुढे, असं करत अकराव्याला नक्कीच. आठव्या फेरीअखेर तोफ वाजलेली असण्याची शक्यता ७२ टक्के येते. म्हणजे जवळपास पूर्वीइतकाच खेळ, पण आता तो फासा पडताना पाचही जण पालथे होऊन बघतात. एकच नियम, आणि त्याच्यामुळे दुसरे चार काढून टाकता आले.

आता मुख्य गोष्ट. मार्करची.

आमच्या खेळात दोन्ही बाजू आळीपाळीने एकेक तुकडी हलवतात. तू एक, मी एक. त्यामुळे कुठली तुकडी ह्या फेरीत हलली आणि कुठली बाकी आहे, हे दिसावं लागतं. आधी आम्ही लक्षात ठेवायचो, म्हणजे भांडायचो. मग कागदाच्या चिठ्ठ्या ठेवल्या, त्या पंख्याने उडाल्या. शेवटी मी बाटल्यांची झाकणं जमवली, सगळी एका आकाराची, आणि रंगवली. लाल म्हणजे हलली, हिरवी म्हणजे बाकी. चांगली दोन कोट देऊन. मला त्यांचा अभिमान होता हो. फोटो टाकले होते स्टेटसला.

आमच्यातला एक मित्र कायम खिंडीच्या बाजूने खेळतो. त्याचं नाव सांगणार नाही, आम्ही त्याला किल्लेदार म्हणतो, तुम्हीही तेच म्हणा. झाकणं आली आणि किल्लेदाराच्या चुका सुरू झाल्या. हललेली तुकडी तो पुन्हा हलवायचा. एकदा, दोनदा, आम्ही हसून परत ठेवायला लावली. मग दर खेळात व्हायला लागलं. मग कोणीतरी त्याच्या पाठीमागे 'चीटिंग' हा शब्द वापरला. तो शब्द एकदा आला ना, की मग प्रत्येक गोष्ट त्यातच बसायला लागते.

एका रविवारी संध्याकाळी नववी फेरी चालली होती, तोफ वाजायला आलेली, आणि त्याने लाल झाकणाची तुकडी उचलून खिंडीच्या तोंडाशी लावली. मी हरत होतो. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे, लाल आहे ते, दिसत नाही का तुला?"

तो काही बोलला नाही. झाकणाकडे बघितलं, तुकडी मागे ठेवली, उरलेला खेळ खेळला, आणि गेला. पुढच्या रविवारी काम आहे म्हणाला. त्याच्या पुढच्यालाही. साधारण तीन महिने तो आला नाही. ग्रुपवर मीम टाकायचा अधूनमधून, पण तेवढंच.

आता मी इंजिनियर माणूस, मला लॉगची सवय. प्रत्येक फेरीनंतर मी फोनवर वरून एक फोटो काढतो आणि एका शीटमध्ये लिहून ठेवतो, कुठला नियम अडला, कुठे वाद झाला. दहावं व्हर्जन लिहायला मी ते फोटो काढून बसलो होतो. किल्लेदाराचा विचारही डोक्यात नव्हता, खरं सांगतो. मला फक्त बघायचं होतं की खिंडीच्या तोंडाशी गर्दी किती होते. आणि मला एका फोटोत दिसलं की फेरी संपलीये आणि त्याच्या एका तुकडीसमोर हिरवं झाकण तसंच आहे. म्हणजे ती हलवायची राहिली. मग मी मागचे सगळे खेळ तपासले. त्याच्या ११ चुका सापडल्या. सहा वेळा त्याने हललेली तुकडी पुन्हा हलवली होती, त्याच्या फायद्याच्या. पाच वेळा हलवता येणारी तुकडी तशीच सोडली होती, त्याच्या तोट्याच्या. त्या सोडलेल्यांपैकी एकीमुळे तर तो अख्खा खेळ हरला होता.

फायद्याच्या चुका आम्ही पकडल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. तोट्याच्या पाच एकालाही दिसल्या नाहीत. माझ्याच शीटमध्ये त्यांची नोंद नव्हती. फसवणारा माणूस स्वतःच्या तोट्याच्या चुका कशाला करेल?

मी तो फोटो फोनमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला. लाल आणि हिरवी झाकणं एकसारखी करडी दिसत होती. इतकी सारखी, की कुठलं कुठलं हे मलाच, रंगवणाऱ्याला, सांगता येईना.

रंगांधळेपणाबद्दल थोडं सांगतो, कारण मलाही शाळेत वाचल्याच्या पलीकडे माहीत नव्हतं. बहुतेकांना जग काळंपांढरं दिसत नाही. रंग दिसतात, पण लाल-हिरव्याच्या काही छटा एकमेकींत मिसळतात. हे एक्स गुणसूत्रावरून येतं, म्हणून पुरुषांमध्ये बरंच जास्त आढळतं. आणि माणसं त्याच्यासोबत व्यवस्थित जगतात. सिग्नलला रंग नाही बघत, वरचा दिवा की खालचा ते बघतात. आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी पिवळा दिवा असतो, झाकणांचा आकार एक, आणि त्यात खाली डोंगरावर आळीव उगवलेला. वर-खाली असं काहीच नाही. मी त्याच्यासाठी सापळा रचला होता, दोन कोट देऊन.

पण हे सगळं माझा अंदाज होता. विचारायचं कसं? "तुला रंग दिसत नाहीत का" हे मी एकदा विचारून झालेलं होतं, सगळ्यांसमोर.

मग मी विचारलंच नाही. मार्कर बदलले.

इथे आजी परत येते. लहानपणी आजोळी आम्ही पट खेळायचो, त्यात फाशांच्या जागी अर्धे केलेले चिंचोके असायचे. एक बाजू तपकिरी, गुळगुळीत, फुगीर. दुसरी पांढरट आणि सपाट. चिंचोके टाकायचे आणि पांढरे किती पडले ते मोजायचं. आजीला संध्याकाळी कंदिलात नीट दिसायचं नाही, तर ती बोट फिरवून सांगायची, उताणा की पालथा. मी डिझाइनचे व्हिडिओ बघत, थ्रीडी प्रिंटिंगचे भाव काढत तीन रात्री घालवल्या होत्या. उत्तर किराणा दुकानात होतं. चिंचोका पांढरा वर म्हणजे तुकडी बाकी, उलटा केला की हलली. रंग दिसो न दिसो, फिका-गडद दिसतो, आणि तेही नाही जमलं तर बोटाला कळतं. शिवाय दोन वेगळे मार्कर लागत नाहीत, एकच उलटायचा.

थकव्यालाही तसंच केलं. आधी पिवळी आणि केशरी झाकणं होती. आता शर्टाची बटणं. दोन भोकांचं म्हणजे थोडी दमलेली, चार भोकांचं म्हणजे पार दमलेली. आणि चाल मोजायला टेपऐवजी आइस्क्रीमची काडी. चिखलात अर्धी काडी, बाकी सगळीकडे पूर्ण. चिखलातला उतार वगैरे गेला खड्ड्यात.

एकच अडचण आली. पहिला संच आमच्या मावशींनी झाडून कचऱ्यात टाकला. त्यांची चूक नाही, फरशीवर पडलेल्या चिंचोक्यांचं अजून काय करणार?

मग ग्रुपवर मी लिहिलं. वैयक्तिक नाही, ग्रुपवरच, कारण बोललो सगळ्यांसमोर होतो. लिहिलं की जुने फोटो तपासले, किल्लेदाराच्या चुका दोन्ही बाजूंच्या होत्या, मार्कर माझे खराब होते, आणि मी जे बोललो ते चूक होतं. कारण लिहिलं नाही, ते माझ्याकडे नव्हतंच. खाली लिहिलं, नवे मार्कर केलेत, रविवारी ये.

तो आला. दारातच, त्याने चप्पल काढायच्या आधी, मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "जाऊ दे रे, चहा टाक." खेळायला बसला, चिंचोका उचलला, अंगठ्याने एकदा उलटा, एकदा सुलटा केला. माझ्याकडे बघितलं. मग खेळला. आठव्या फेरीला तोफ वाजली, तो जिंकला, एकही चूक नाही.

रात्री खाली पार्किंगमध्ये बाइकला किक मारता मारता त्याने सांगितलं. बारावीनंतर एका नोकरीच्या परीक्षेत तो पास झाला होता, लेखी, मुलाखत, सगळं. मेडिकलला ठिपक्यांचं पुस्तक समोर ठेवलं, ज्यात ठिपक्यांमध्ये आकडा लपलेला असतो, इशिहारा टेस्ट म्हणतात. त्याला आकडा दिसला नाही. घरी पेढे आणून झाले होते. तेव्हापासून त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसातही नाही, तिथे तो लाल-हिरवे ग्राफ शेजारच्याला वाचायला लावतो, चष्म्याचं निमित्त सांगून.

मी विचारलं, मग झाकणांबद्दल एकदा बोलायचं होतंस ना? तो म्हणाला, "तू विचारलं असतंस तरी मी नाहीच म्हटलं असतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी कामाला ज्या सिस्टीम लिहितो तिथेही आम्ही म्हणतो, अडचण असेल तर युजरने कळवावं, बटण दिलंय. पण काही अडचणी माणूस कळवत नाही. त्या कळवायला न लागताच सुटलेल्या असाव्या लागतात. आता मी ऑफिसात कुठलीही स्क्रीन मंजूर करण्याआधी फोनवर ग्रेस्केल लावून बघतो. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली मिळेल. तुम्ही काही बनवत असाल, खेळ, पत्ते, वर्गणीचा तक्ता, काहीही, तर एकदा लावून बघा. रंग गेल्यावरही वाचता आलं तर बरंचसं काम झालं.

किल्लेदाराने हा कागद वाचलाय. नाव न घेता सांग म्हणाला, बाकीच्या तिघांना त्याने आता स्वतःच सांगितलंय. पण परवानगी एका अटीवर दिलीये. पावसाचा नियम त्याला मान्य नाही. आत्ता आमच्याकडे बंदूक चालवण्याआधी प्रत्येक तुकडी वेगळा फासा टाकते, १ ते ३ आले तर दारू भिजलेली. तो म्हणतो हे मूर्खपणाचं आहे, पाऊस काय तुकडी बघून पडतो का? फेरीच्या सुरुवातीला एकच फासा टाकायचा, सगळ्यांची भिजली नाहीतर सगळ्यांची कोरडी. मी म्हणतो, कोणी कातडं झाकून नेलं असेल, कोणी नसेल. तो म्हणतो, मग तो २४व्या पानावरचा नियम होणार.

त्याने हे एपिसोडमध्ये सांगायला लावलंय, म्हणजे मला मागे फिरता येऊ नये. येत्या रविवारी दोन्ही प्रकारे खेळून बघतोय. १५व्या व्हर्जनमध्ये काय ठरलं ते पुढच्या वेळी सांगतो. चला.